शाळेच्या शेजारचा छापखाना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लग्नपत्रिकेत हमखास चुकणारा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, 'आशीर्वाद'. कुणी त्यातली 'शी' ऱ्हस्व करतो, कुणी रफार उचलून भलत्याच अक्षराच्या डोक्यावर ठेवतो. मीही तो चुकवला होता. १९८४ साली, नववीत असताना, एका छापखान्यात उभा राहून. मालकांनी ओलं प्रूफ माझ्यासमोर धरलं. रागावले नाहीत. रफाराचा खिळा चिमट्यानं उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याचं घर कुठलं, ते शोध." घर सापडायला मला दहा मिनिटं लागली. त्यानंतर एवढ्या वर्षांत तो शब्द मी चुकलेलो नाही.

आज मला बोलायचं आहे ते शाळा आणि गावातले उद्योगधंदे यांच्या नात्याविषयी. विषय तसा शिक्षणतज्ज्ञांचा. मी बी.ए. झालेला एक साधा माणूस, चार कविता लिहिल्या म्हणून लोक ओळखतात. पण त्या कविता मराठीत का लिहिल्या, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या छापखान्यात आहे, म्हणून हे धाडस करतो.

आमच्या घरात दखनी बोलली जायची. अब्बा शिवणकाम करायचे, अम्मी काजं-बटणं करायची. मराठी होती ती रस्त्यावरची आणि शाळेतली. 'ण' आणि 'न' यांतला फरक माझ्या जिभेला ठाऊक नव्हता, त्यामुळे वहीतही तो नसायचा. आमच्या मराठीच्या सरांनी एक दिवस मला आणि आणखी दोघांना थांबवून घेतलं आणि शाळेच्या शेजारच्या छापखान्यात नेलं. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणे, आम्हीही तेच म्हणू लागलो. सर म्हणाले, "अण्णा, ही तीन पोरं आठवड्यातून तीन दिवस चार ते सहा तुमच्याकडे येतील. त्यांना जुळणी शिकवा."

पुढचा भाग मला तेव्हा कळला नव्हता, आता त्याची किंमत कळते. सरांनी वहीचा एक कागद फाडला आणि उभ्या उभ्या काही अटी लिहिल्या. पोरं ट्रेडल मशीनजवळ जाणार नाहीत, कारण त्यात बोटं सापडतात. सहाच्या पुढे थांबणार नाहीत. दर आठवड्याला काय नवीन शिकवलं ते अण्णा सांगतील आणि सर शनिवारी येऊन बघतील. महिन्याला पंचवीस रुपये मिळतील, ते पोस्टाच्या खात्यात जातील. आणि परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस पोरांना सुट्टी. ही शेवटची अट आमच्या अभ्यासाच्या काळजीपोटी आहे असं आम्हाला वाटलं होतं. खरं कारण पुढं कळलं. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्याच छापखान्यात छापल्या जायच्या!

म्हणजे अण्णांचा यात फायदा होता. शाळेच्या पावतीपुस्तकांचं, वार्षिक अंकाचं, प्रश्नपत्रिकांचं काम त्यांच्याकडे होतं, ते टिकावं अशी त्यांची इच्छा असणारच. शिवाय लग्नसराईत तीन जोडी हात वाढत होते. सरांनी हे कधी लपवलं नाही आणि अण्णांनीही समाजसेवेचा आव आणला नाही. दोघांनाही दुसऱ्याची गरज ठाऊक होती, म्हणून व्यवहार स्वच्छ राहिला असं मला वाटतं.

खिळ्यांची जुळणी आता फारशी कुठं दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. समोर उतरती लाकडी केस. तिच्यात लहान-मोठे खण, आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. इंग्रजीपेक्षा मराठीला खण कितीतरी जास्त, कारण काना, मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, सगळ्यांची सोय करावी लागते. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हातानं खिळे वेचायचे. अक्षरं उलटी दिसतात, ती उलटीच वाचायला शिकावं लागतं. शब्द डोळ्यांनी नुसता वाचला की चूक सुटून जाते, पण तोच शब्द एकेक खिळा उचलून बांधायचा असला की सुटत नाही. 'ण'चा खण आणि 'न'चा खण वेगळे. हात चुकीच्या खणात गेला की अण्णा मागून नुसतं खाकरायचे. शाळेत ज्या व्याकरणासाठी मी छड्या खाल्ल्या, ते तिथं माझ्या बोटांत उतरलं.

आणि तिथं जी भाषा भेटली, ती धड्यांत नव्हती. सकाळी 'श्री गणेश प्रसन्न' असलेली पत्रिका, संध्याकाळी '७८६' असलेली. तमाशाच्या फडाचं हँडबिल, पतपेढीचा अहवाल, कुणाच्या तेराव्याचं निमंत्रण. एकाच केसमधले खिळे काढून आम्ही लग्नही जुळवत होतो आणि श्राद्धही. काम झालं की सगळे खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणात. कवीला याहून चांगली शाळा कुठली मिळाली असती, मला माहीत नाही.

पण ही गोष्ट इथं थांबवली तर ती अर्धी सांगितल्यासारखी होईल. त्याच वर्षी, त्याच शाळेतून माझा एक मित्रही असाच कामाला लागला. गावातल्या एका यंत्रशाळेत, लेथवर. त्याची व्यवस्था आमच्या सरांनी नव्हे, शाळेतल्या दुसऱ्याच कुणी तरी लावली होती. अटींचा कागद नव्हता. शनिवारी कुणी जात नव्हतं. सुरुवातीला दोन तास, मग चार, मग दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण दिवस. सुट्टी संपली तरी तो वर्गात परतला नाही. हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या आणि एक दिवस नावच निघून गेलं. दहावीला तो बसलाच नाही.

त्या यंत्रशाळेच्या मालकांनी शाळेला पाण्याची टाकी बांधून दिली. तिच्यावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली, समारंभ झाला, आम्ही स्वागतगीत म्हटलं. मी टाकीचं पाणी प्यायलो आहे, त्यामुळे देणगीला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण शाळेच्या नोंदवहीत तेव्हा 'स्थानिक उद्योगांचं सहकार्य' या सदराखाली काय लिहिलं गेलं असेल, तर टाकीच. अण्णांचा छापखाना त्यात नसणार, आणि माझा मित्रही नसणार.

तो अजून भेटतो. हातात कसब असं की मापाचं यंत्र न लावता केसाएवढा फरक सांगेल. बँकेचा अर्ज मात्र माझ्याकडून भरून घेतो. एकदा मी त्याला विचारलं, तुला त्या मालकाचा राग येतो का? म्हणाला, "त्यानं काम शिकवलं, नाही कशाला म्हणू? पण पोरगा कुठं गेला म्हणून शाळेतनं कुणी बघायला आलं नाही बघ."

हा धोका काही आम्ही शोधून काढलेला नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या उद्योगातून शिक्षण, ही त्यांची कल्पना. तिचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले तेच. शाळेनं मुलांच्या कामातून स्वतःचा खर्च भागवावा, असा गांधीजींचा आग्रह होता. झाकिरसाहेबांच्या समितीनं योजना उचलून धरली, पण अहवालात एक इशाराही दिला. कमाईवर जास्त भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातलं शिक्षण बाजूला पडेल, असा त्याचा आशय होता. उद्योगशिक्षणाची बाजू घेणाऱ्यांनीच हे लिहून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या सातारा-सांगलीकडचं उदाहरण द्यायचं तर कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर यांची विक्री करत त्यांनी गावोगाव पायपीट केलेली होती. व्यापार जवळून बघितलेल्या या माणसानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत. मुलं कष्ट करायची, पण ती कुणाच्या नफ्यासाठी नव्हे, स्वतःच्या शिकण्यासाठी.

मला मात्र सगळ्यांत पटलेला प्रयोग पाबळचा. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात मोठ्या जागेवर असलेले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून ते या गावात राहायला आले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस हातानं काम करत करतच शिकत आला आहे, शाळेनं ते मध्येच बंद पाडलं.

त्यातून माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताचं काम करतात. चार विभाग असतात. पहिला अभियांत्रिकी, म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम. दुसरा ऊर्जा आणि पर्यावरण, तिसरा शेती आणि पशुपालन, चौथा गृह आणि आरोग्य. मुलगे-मुली सगळ्यांनी चारही शिकायचे. मुलींना शिलाई आणि मुलांना वेल्डिंग अशी वाटणी नाही. राज्याच्या शालान्त परीक्षा मंडळानं दहावीला हा विषय घेण्याची मान्यताही दिली.

यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, शिकवायला गावातलेच कसबी लोक घ्यायचे. वेल्डिंगचं दुकान चालवणारा वेल्डिंग शिकवणार. पदवी नसेल, पण बिघडलेलं दुरुस्त करायची सवय असते. दुसरी, मुलांनी जे करायचं ते खोटं-खोटं नाही. शाळेचं फाटक, वर्गातले बाक, कुणाच्या घरची वीजजोडणी, शेतकऱ्याच्या मातीची तपासणी. लोकसेवा म्हणून हे काम करायचं आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाकडून घ्यायचा. गिऱ्हाईक खरं असलं की फाटक वाकडं होऊन चालत नाही. मापं घ्यावी लागतात, लोखंडाचा हिशेब करावा लागतो, पावती लिहावी लागते. गणित आणि भाषा मागच्या दारानं आत येतात. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं 'फॅब लॅब' उभी राहिली, त्या संस्थेबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी ती एक. कलबाग सर २००३ मध्ये गेले. आश्रमाचं काम चालू आहे.

कलबागांकडे शिक्षणाची मांडणी होती, आमच्या सरांकडे वहीचा एक कागद होता. पण दोघांनीही मुलाला दुकानात नुसतं सोडून दिलं नाही. दुकानातलं काम हे शिक्षण आहे की नाही, हे ठरवायचा हक्क शाळेनं स्वतःकडे ठेवला. माझ्या मित्राच्या बाबतीत शाळेनं तो सोडून दिला. एवढाच काय तो फरक, पण त्यानं त्याचं आयुष्य दुसरीकडे वळलं.

आता कायदे बरेच झाले आहेत. बालमजुरीविरोधी कायदा १९८६ मध्ये आला. २०१६ मधल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवताच येत नाही. शाळा सुटल्यावर घरच्या व्यवसायात मदत करणं आणि कलाकार म्हणून काम, असे अपवाद त्यात आहेत. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचं बंधन घातलं, त्यातून शाळांना संगणक, बाक, स्वच्छतागृहं मिळतात. मिळोत. पण आमच्या गल्लीतला सायकलवाला, बेकरीवाला, शिंपी या कायद्यात बसत नाही. त्याच्याकडे द्यायला दोन टक्के नसतात, दोन तास असतात. ते दोन तास मागायला शाळा त्याच्याकडे जात नाही, कारण दोन तासांची पाटी लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं मात्र ती वाट दाखवली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेबाहेर पडावं, गावातले सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्याकडून काही शिकावं, असं त्यात म्हटलं आहे. २०२४ मध्ये एनसीईआरटीनं त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात काय होतं, याचा एक नमुना मी बघितला. एका शाळेची साठेक मुलं रांगेनं एका बेकरीत आली. भट्टीसमोर उभी राहिली, फोटो निघाला, प्रत्येकाला एकेक नानकटाई मिळाली, रांग परत गेली. पाऊण तासात शिक्षण आटोपलं. नानकटाई चांगली होती.

त्या फेरीतल्या एका तरुण शिक्षकाला ते बोचलं असावं. पुढं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुमची मिरजेत ओळख आहे, सतारमेकरांकडे घेऊन चला." मिरजेचे सतारमेकर तुम्हाला माहीत असतील. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या या घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षं तंतुवाद्यं बनवली आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र या कामात नवी पोरं फार येत नाहीत, ही त्यांची चिंता आहे.

यावेळी सातवीची आठच मुलं होती. कारागिरांच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, हे ऐकून मुलांना नवल वाटलं. ज्या भोपळ्याची भाजी होत नाही त्याचा तंबोरा होतो, असं एकीनं वहीत लिहिलं. मग एका मुलीनं विचारलं, "चाचा, पडदे वर लांब लांब आणि खाली जवळ जवळ का?" चाचांनी उत्तर दिलं नाही. तार छेडली. मग बरोबर मध्यावर बोट ठेवून छेडली. "काय झालं?" मुलं म्हणाली, तोच सूर, पण वरचा. मग दोन-तृतीयांश तार मोकळी ठेवली, पंचम आला. तीन-चतुर्थांश ठेवली, मध्यम. त्या शिक्षकानं जमिनीवर खडूनं रेघ ओढली आणि अपूर्णांक मांडायला सुरुवात केली. चाचा बघत राहिले. चाळीस वर्षं ते पडदे बांधत होते, पण आपल्या हातात सातवीचं गणित आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परतताना म्हणाले, "मियाँ, हे आमाला पण म्हाईत नव्हतं."

इथं माझी एक सल सांगून टाकतो. १९८४ मध्ये सरांनी छापखान्यात नेलेले आम्ही तिघंही मुलगेच होतो. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती, तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. तिला छापखान्यात पाठवावं असं सरांच्या मनात आलं नाही, अब्बांच्या आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही. मिरजेत पडद्यांचा प्रश्न विचारणारी मुलगी होती, तेव्हा मला बहिणीची आठवण झाली.

तो शिक्षक आता आणखी काही दुकानं शोधतो आहे. शिंपी झाला, सायकलवाला झाला, मोटार वाइंडिंगवाल्याशी बोलणं चालू आहे. माझ्याकडे आला तेव्हा त्यानं विचारलं, त्यांच्याशी बोलताना आधी काय ठरवून घ्यायचं? मी त्याला सरांच्या कागदावरच्या अटी आठवतील तशा सांगितल्या. यंत्राजवळ कुठवर जायचं. किती वेळ थांबायचं. काय शिकवायचं. दुकानदाराला यातून काय मिळणार. फक्त पंचवीस रुपयांची अट गाळली, कारण सातवीची मुलं कामाला जात नाहीत, शिकायला जातात. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि वही मिटली.

मी म्हटलं, "शनिवारचं राहिलं."

त्यानं वही पुन्हा उघडली.